काढणी, वाळवण आणि बुरशी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पावसाळ्याचे चार महिने या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच तक्रार जास्त असते. कुंडीत जोमाने वाढलेलं झाड तोडणीला आलं की पान काळं पडतं, वाळत घातलं की कुबट वास येतो आणि बरणीत भरलं की पंधरवड्यात पांढरी लव दिसते. अशा पत्रांतले काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरं मुंबईची हवा डोळ्यासमोर ठेवून दिली आहेत. पुण्या-नाशिकच्या वाचकांना यातली बरीच खबरदारी लागणार नाही.

प्रश्न : बॉक्स ग्रिलमध्ये कृष्ण तुळशीच्या पाच कुंड्या आहेत. जुलैत पानं तोडून, धुऊन सुपात पंख्याखाली ठेवली. तिसऱ्या दिवशी कडेची पानं कुरकुरीत झाली, मधली मात्र काळी आणि बुळबुळीत. दोनदा असंच झालं. काय चुकतंय? (एक वाचक, दादर)

तुमची तुळस चांगली आहे, हवा वाईट आहे. मुंबईत पाऊस साधारण 11 जूनला येतो आणि 8 ऑक्टोबरच्या सुमारास परततो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस 85 टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेत पंखा लावला तरी तो ओलीच हवा फिरवतो. पानावरचं पाणी उडतं, पानाच्या आतलं पाणी बाहेर पडायला फार वेळ लागतो. तेवढ्या वेळात बुरशीचं काम होऊन जातं. तोडल्यापासून दोन दिवसांत पान निम्म्याहून जास्त सुकलं नाही, तर तो घाणा गेला असंच समजावं.

आधी तोडणीबद्दल. मंजिऱ्या धरलेल्या फांद्या पावसात पाणी धरून ठेवतात आणि बुरशी तिथूनच खाली उतरते. म्हणून पानांसाठी तुळस लावली असेल तर मंजिरी दिसली की खुडा. पाऊस उघडल्यानंतर किमान चार तास झाड कोरडं राहिलं पाहिजे, दोन कोरडे दिवस मिळाले तर उत्तम. सकाळी दहाच्या सुमारास, पानावर थेंब नाही हे पाहून तोडा. जमिनीला किंवा मातीला टेकलेली खालची चार-सहा पानं वाळवणात घेऊच नका. त्यांच्यावर मातीचे शिंतोडे उडालेले असतात आणि मातीत बुरशीचे बीजाणू असतातच.

रस्त्याकडच्या ग्रिलमध्ये पानांवर काजळी बसते, त्यामुळे धुणं टाळता येत नाही. पण पानं सुटी करून धुऊ नका. फांद्या देठाला धरून स्वच्छ पाण्यात बुडवा, जोरात झटका, आणि जाड सुती पंचावर पसरून पंखा पूर्ण वेगाने तासभर लावा. बोटाला ओल लागेनाशी झाली की मगच पानं देठापासून काढा. तुमच्या पद्धतीत गडबड इथे झाली असावी. धुतलेली पानं सुपात टाकल्यावर मधल्या पानांना चिकटून पाणी राहतं, आणि सुपाच्या तळातून हवा जात नाही. सुपाऐवजी खिडकीची नायलॉन जाळी लाकडी चौकटीवर ताणून घ्या, किंवा पीठ चाळायची मोठी चाळण उलटी ठेवा. पानांचा एकच थर, एकावर एक चढता कामा नये. चौकट विटांवर उचलून ठेवली की खालूनही वारा लागतो.

आता खरी गोष्ट. जुलैत वाळवायचंच असेल तर एसीची खोली लागते. एसीत हवा थंड होताना तिच्यातलं पाणी गळून जातं, आणि 25-26 अंशांवर बंद खोलीत आर्द्रता साधारण 50 ते 60 टक्क्यांपर्यंत उतरते. रिमोटवर 'ड्राय' मोड असेल तर तो वापरा. सोबत पंखा मंद, वारा थेट पानांवर नको, भिंतीकडे. सुटी पानं या हवेत दोन-तीन रात्रींत वाळतात.

एसी रात्रीच चालतो, मग दिवसा काय, असा प्रश्न पुढे येतोच. पहिल्या दिवशी पानं उघडीच राहू द्या, पंख्याखाली. ओलं पान बाहेरच्या दमट हवेतही थोडंफार सुकत राहतं. कुरकुरीत होत आलेलं पान मात्र उलटं वागतं, ते हवेतली ओल ओढायला लागतं. म्हणून शेवटचा टप्पा एकाच रात्रीत पुरा करा आणि सकाळी एसी बंद करण्याआधी, त्याच खोलीत, बरण्या भरून झाकणं लावा. चहा पिऊन भरू म्हटलं तर तासाभरात रात्रीची मेहनत पाण्यात जाते.

वाळलं की नाही हे वजनाने कळतं. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा पुरतो. 100 ग्रॅम ताजी पानं पुरती वाळली की 15 ते 20 ग्रॅम भरतात. एसीच्या खोलीत सहा तासांच्या अंतराने घेतलेली दोन वजनं सारखी आली की पान वाळलं.

डिहायड्रेटर (पदार्थ वाळवायचं विजेचं यंत्र) असेल तर 35 ते 40 अंश. त्याच्या वर गेलात तर तुळशीचं तेल उडून जातं आणि हातात वाळलेला पाला उरतो. मायक्रोवेव्ह आम्ही सुचवत नाही. पान एका जागी जळतं आणि शेजारी ओलं राहतं.

प्रश्न : गोकर्णीची निळी फुलं चहासाठी वाळवते. हाताला अगदी कडकडीत लागतात, तरी बरणीत आठ दिवसांत बुरशी. (एक वाचक भगिनी, चेंबूर)

एक वाळलेलं फूल उलटं करून बुडाकडे पाहा. पाकळी कागदासारखी झालेली असते, पण तिच्या बुडाशी हिरवा पेला असतो तो नखाने दाबला की दबतो. पाणी तिथे आहे. बरणी बंद झाली की ते हळूहळू पाकळीत उतरतं, आणि लवही नेमकी बुडापासून सुरू होते.

फूल ताजं असतानाच हिरवा पेला ओढून काढा. हलक्या हाताने सहज सुटतो, मधला पांढरट भागही त्याच्यासोबत येतो. नुसती पाकळी एसीच्या खोलीत एका रात्रीत वाळते. पेल्यासकट वाळवायची हौस असेल तर डिहायड्रेटरमध्ये 40 अंशांवर, आणि पेला नखाने चुरला जाईपर्यंत. आदल्या दिवशीची मिटलेली फुलं वाळवायला घेऊ नका. मिटलेल्या फुलाच्या घडीत ओल आणि मुंग्या दोन्ही असतात.

प्रश्न : गच्चीवर लवंगी आणि ज्वाला मिरची लावली आहे. ऑगस्टमध्ये भरपूर लाल मिरची निघाली. वाळवली, पण फोडून पाहिली तर आतून काळी-करडी. बाहेरून काही कळत नव्हतं. अशी मिरची भाजून मसाल्यात घातली तर चालेल का? (एक वाचक, मुलुंड)

चालणार नाही. या एका बाबतीत आम्ही तडजोड सुचवत नाही.

मिरचीवर वाढणाऱ्या बुरशींपैकी काही, विशेषतः अ‍ॅस्परजिलस फ्लेवस, अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते यकृताला घातक आहे, कर्करोगाशी त्याचा थेट संबंध सिद्ध झालेला आहे. भाजून, तळून, उन्हात घालून बुरशी मरते, पण तिने आधीच सोडलेलं विष घरगुती आचेवर जात नाही. शेंगदाणा आणि मका यांनाही हाच नियम. दोन किलो मिरची टाकून द्यायला जीव होत नाही हे समजतं. पण मसाला वर्षभर पुरतो आणि घरातली लहान मुलंही तोच खातात.

बाहेरून का कळलं नाही? मिरची पोकळ असते आणि तिची साल मेणचट असते. साल ओल आत अडकवून ठेवते. देठाच्या टोपीखाली बारीक फट राहते, पावसाचं पाणी तिथे थांबतं आणि बुरशी त्या वाटेने आत शिरते. आत उबदार, ओलसर पोकळी आणि बियांची गर्दी, याहून सोयीची जागा तिला मिळणार नाही. काही वेळा रोग झाडावरच लागलेला असतो. पिकत्या फळावर खोलगट गोल डाग आणि त्यात काळ्या ठिपक्यांची वर्तुळं दिसली तर ती फळकूज. अशी फळं तोडून लगेच वेगळी करा, चांगल्या फळांच्या टोपलीत एक रात्रही नको.

वाळवायची असेल तर मिरची उभी चिरून दोन भाग करा. हातमोजे घाला. देठ आणि टोपी काढून टाका. डिहायड्रेटरमध्ये 55 ते 60 अंशांवर चिरलेली मिरची साधारण 8 ते 12 तासांत वाळते. अख्ख्या मिरचीला दीड दिवसही लागतो आणि शेवटी आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) वापरणार असाल तर सर्वांत कमी तापमानावर ठेवून दारात लाकडी चमचा अडकवा, म्हणजे वाफ बाहेर पडेल. बहुतेक ओटीजींच्या खटक्यावर लिहिलेलं तापमान आणि आतलं तापमान यांत फरक असतो, तेव्हा आत एक साधा ओव्हन थर्मामीटर ठेवा. घरात खकाणा उठतो, खिडकी उघडी हवी.

वाळलेली मिरची वाकवली की मोडली पाहिजे. वाकून चामड्यासारखी परत सरळ होत असेल तर ओल आहे. हलवल्यावर बिया खुळखुळल्या म्हणजे वाळली, ही जुनी खूण उन्हाळ्यात उपयोगी आहे. पावसाळ्यात बिया सुट्या होतात आणि साल ओलीच राहते.

खरं तर ऑगस्टची मिरची वाळवण्याचा अट्टहास कशाला? धुऊन, पुसून, पिशवीत पसरट भरून फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर टाका. फोडणीला, ठेच्याला थेट वापरता येते. लालबागच्या मिरची गल्लीत मसाल्याची झुंबड मार्च ते मे मध्ये उडते, कोळी-आगरी घरांत आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतही वर्षाचा मसाला त्याच दिवसांत कुटून होतो, त्यामागे हवेचं पक्कं गणित आहे. तुमच्या झाडांवर ऑक्टोबरनंतर पिकणारी मिरची वाळवणासाठी राखा. ऑक्टोबर हीटमध्ये गच्चीवर चिरलेली मिरची चार-पाच दिवसांत वाळते. फक्त संध्याकाळी पाचच्या आत ती घरात यायला हवी, कारण ऊन उतरलं की हवेतली ओल पुन्हा वाढायला लागते.

प्रश्न : वाळवलेला माल बरणीत भरण्याइतका सुकला आहे हे खात्रीने कसं ओळखायचं? इंटरनेटवर सांगतात की बरणी रोज दहा मिनिटं उघडून हवा द्या. तसं केलं तर बुरशी जास्तच येते. (एक वाचक, गोरेगाव)

रोज हवा द्यायचा सल्ला कोरड्या प्रदेशांतला आहे. तिथे बाहेरची हवा 40 टक्के आर्द्रतेची असते, झाकण उघडलं की बरणीतली ओल बाहेर जाते. मुंबईत जुलैमध्ये झाकण उघडलं की 85 टक्क्यांची हवा आत शिरते. उघडायचीच असेल तर एसीच्या खोलीत, एसी तासभर चालल्यावर.

बोटांवर विसंबू नका, मोजा. नाण्याहून थोडा मोठा डिजिटल आर्द्रतामापक ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत मिळतो. वापरण्याआधी तो खरा बोलतो का ते मिठाने तपासा. बाटलीच्या बुचात चमचाभर साधं मीठ घ्या, त्यात थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूइतकं भिजवा, मीठ विरघळू देऊ नका. बूच आणि मापक एका झिपच्या पिशवीत शेजारी ठेवून हवाबंद करा, मापकाला मीठ लागू नये. दहा-बारा तासांनी आकडा 75 आला पाहिजे, ओल्या मिठावरची हवा तेवढ्यावरच थांबते. 79 दाखवत असेल तर तुमचा मापक चार जास्त दाखवतो, यापुढे चार वजा करून वाचा. स्वस्त मापकांत एवढा फरक नेहमीचा आहे.

मग वाळवलेला माल काचेच्या बरणीत तीन चतुर्थांश भरा, मापक आत टाका, झाकण घट्ट लावा आणि 24 तास हात लावू नका. एवढा वेळ लागतो कारण देठातली आणि शिरांतली ओल पानात उतरून बरणीभर सारखी व्हावी लागते. भरल्यानंतर तासाभरात दिसणारा आकडा फसवा असतो. 24 तासांनी 55 च्या खाली आला तर बरणी वर्षभर निश्चिंत ठेवा. 55 ते 60 चालतं, आठवड्याने एकदा पुन्हा पाहा. 60 ते 65 म्हणजे त्याच रात्री एसीत किंवा डिहायड्रेटरमध्ये परत पसरा. 65 च्या वर गेलं की बुरशीला लागणारं पाणी आत आहे असं धरा, सकाळपर्यंतही थांबू नका.

बऱ्याच घरांत बरणीत हिंगाचा खडा किंवा तांदळाची पुरचुंडी टाकतात. हिंगाच्या वासाने किडे दूर राहतात, ओल त्याने जात नाही. तांदूळ ओढतो ती ओल नगण्य. त्यापेक्षा खाद्यपदार्थांसाठीचं सिलिका जेल घ्या, शंभर ग्रॅम वाळलेल्या पानांना पाच-दहा ग्रॅमची एक पुडी पुरते. निळे दाणे घेऊ नका, त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं. पांढरे घ्या, तेही कापडी किंवा कागदी पुडीत बंद असलेले. सुटे दाणे असतील तर 120 अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा कोरडे करता येतात. कपाटात टांगायच्या, पाणी गोळा करणाऱ्या पिशव्या खाण्याच्या वस्तूंजवळ नकोत. त्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं आणि ते पाझरतं.

ओला माल सिलिका टाकून बरणीत सुकवता येईल असं मात्र समजू नका. पुडी फक्त वाळलेल्याची राखण करते.

प्रश्न : सब्जाच्या (इटालियन बेसिलच्या) पानांवर आणि जास्वंदीवर पांढरं काहीतरी आहे. बुरशीच ना? कोणतं औषध मारू? आठवड्यात तोडायचं आहे. (एक वाचक भगिनी, गिरगाव)

तुमच्या फोटोंत दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्यांत गल्लत नको.

जास्वंदीवर फांदीच्या बेचक्यात कापसाचे पुंजके आहेत. तो पिठ्या ढेकूण, किडा आहे, बुरशी नव्हे. काडीने दाबला की चिकट रस निघतो, आजूबाजूला मुंग्या फिरतात. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुंजका पुसून काढा.

बेसिलच्या पानावर वरून शिरांच्या मधल्या भागात पिवळेपणा आहे. पान उलटवा, खाली करडी-जांभळट धूळ दिसेल. हा केवडा रोग, पान रात्रभर ओलं राहिलं की येतो. तुळशीपेक्षा बेसिलला फार लवकर धरतो. त्याच्या उलट भुरी पानाच्या वरच्या बाजूला पीठ भुरभुरल्यासारखी दिसते, तिला पानावर पाणी साचावं लागत नाही आणि मुंबईत ती पाऊस ओसरल्यावर, थंडीच्या तोंडाशी जास्त येते. टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी फवारत असाल तर क्षारांचे पांढरे डागही पडतात. व्हिनेगरचा थेंब टाकला की ते विरघळतात, बुरशी विरघळत नाही.

केवडा आलेली पानं तोडून टाका, खायलाही नको, वाळवायलाही नको. उरलेल्या झाडाच्या फांद्या विरळ करा, दोन कुंड्यांत वीतभर अंतर ठेवा, पाणी सकाळी आणि फक्त मातीत घाला. संध्याकाळी शिंपडलेलं पाणी रात्रभर पानावर राहतं. चांगली पानं आजच तोडून पेस्टो करा किंवा तेलात वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, आठवडा थांबू नका.

औषधाबद्दल. तोडणीला आठवडा असताना काहीही मारू नका. कार्बेन्डाझिम, मँकोझेब यांसारखी बुरशीनाशकं काढ्याच्या, चहाच्या झाडांवर कधीच नकोत. वाळवताना पानातलं पाणी जातं, औषध तिथेच राहतं आणि दर ग्रॅममागे त्याचं प्रमाण पाच-सहा पट होतं. कडुनिंबाचं तेल (लिटरभर पाण्यात 5 मिली आणि साबणाचे काही थेंब) वाढीच्या दिवसांत ठीक आहे, पण तोडणीआधी फवारलं तर चव कडू होते आणि तेलकट पान वाळतही नाही. भुरीवर एक भाग दूध नऊ भाग पाणी असं फवारलेलं चालतं, तेही सकाळी, ऊन असताना. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मातीतल्या मूळकुजीसाठी आहे, किलोभर शेणखतात 5 ते 10 ग्रॅम मिसळून कुंडीत द्या. पानावरच्या बुरशीवर तिचा इलाज म्हणून भरवसा ठेवू नका.

प्रश्न : गवती चहाची जुडी बांधून टांगली, मधून कुजली. (एक वाचक, बोरिवली)

जुडी बांधायचीच नाही. पाती इंचाच्या तुकड्यांत कापा, बुडाकडचा जाड पांढरा भाग वेगळा करा आणि ताजाच वापरा. बाकी सगळं तुळशीसारखंच.

प्रश्न : बरणीत वरच्या थराला थोडी बुरशी दिसते. वरचं काढून खालचं वापरलं तर? (हा प्रश्न अनेकांचा आहे)

डोळ्याला दिसते ती बुरशी बीजाणू धरलेली असते. तिचे धागे त्याआधीच खालच्या पानांत पसरलेले असतात आणि बरणी एकदा हलवली की बीजाणू सगळीकडे जातात. वरचं काढून खालचं वाचत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडने धुऊन परत वाळवायची युक्ती फिरत असते, तीही निरुपयोगी. पृष्ठभागावरचं मरतं, आतलं तसंच राहतं आणि पान दुसऱ्यांदा भिजतं.

बरणी घरात उघडू नका, वास घेऊन तर मुळीच पाहू नका. दम्याचा त्रास असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्यांनी हे काम दुसऱ्याला सांगावं. मास्क लावून, गॅलरीत, बरणीचं तोंड पिशवीत घालून उलटी करा, पिशवीला गाठ मारा आणि सोसायटीच्या ओल्या कचऱ्यात टाका. बरणी गरम पाणी आणि साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. झाकणातली रबरी चकती मात्र बदला. तिच्या खाचेत बीजाणू राहतात आणि पुढच्या खेपेचा माल चांगला वाळलेला असला तरी कडेने लव धरते. चकती सुटी मिळत नसेल तर झाकण नवीन घ्या.